पेट्रा काय म्हणाली?

नेहमीप्रमाणे हे आपल्या भागाचं लेखी रूप. बोलताना जे अडखळलो ते गाळलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं.

आजची गोष्ट दोन रेकॉर्डिंगची आहे. एक माझ्या मावसबहिणीच्या फोनवरचं, दुसरं साधारण पन्नास वर्षांपूर्वीचं, अमेरिकेतलं.

बहीण आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही, तिला अजून तीन वर्षं काढायचीत तिथे. तुमच्यापैकी जे या लाइनला आहेत त्यांना ‘क्रिट’ म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी: तुम्ही रात्रभर जागून ड्रॉइंग करता, सकाळी ते शिक्षकांच्या टेबलावर पसरता, ते बघतात, बोलतात, आणि बहुतेक वेळा तुमच्याच शीटवर ट्रेसिंग पेपर टाकून स्वतः काढायला लागतात. तर एकदा तिने सरांना विचारून ते सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. सर भरभर बोलतात, नंतर नीट ऐकता यावं म्हणून. घरी येऊन मला म्हणाली, “दादा, ऐक ना, मला काय करायचंय तेच कळेना.”

मी ऐकलं. सर खरंच छान बोलत होते. जिना इथे आणला तर उजेड कसा आत येईल, मग मागची भिंत कशी मोकळी होईल, एकातून एक सुचत होतं त्यांना. पेन्सिलचा आवाजसुद्धा येत होता. आणि माझी बहीण? “हो सर.” “हं.” “बरं सर.” शेवटी “थँक्यू सर.”

मी म्हटलं, अगं, ही टेप तर मी आधी वाचलीय!

टेप नंबर दोन

१९७० च्या दशकात अमेरिकेत वास्तुकला नेमकी शिकवतात कशी याचा एक मोठा अभ्यास झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी (कोथरूडची नव्हे, बॉस्टनजवळची), तिथले डीन विल्यम पोर्टर आणि हार्वर्डचे मॉरिस किलब्रिज हे त्याचे प्रमुख. पैसे मेलन फाउंडेशनचे. त्या अभ्यासात रॉजर सिमंड्स नावाच्या संशोधकाने स्टुडिओत चालणारी बोलणी टिपून ठेवली. आपण करतो तेच हो, बोललेलं लिहून काढायचं. त्यातल्या एका बोलण्यातली दोन माणसं पुढे जगभर प्रसिद्ध झाली, पण टोपणनावांनी. शिक्षकाचं नाव ठेवलं क्विस्ट आणि विद्यार्थिनीचं पेट्रा.

पेट्राला एक प्राथमिक शाळा डिझाइन करायचीय. जागा उताराची आहे, आणि उतारही सरळ नाही, वेडावाकडा. इमारतीचा आकार जमिनीत बसवायचा तिने बराच प्रयत्न केलाय, बसत नाहीये. तिने सहा वर्ग काढले होते, ते फार बारके वाटायला लागले, म्हणून तिने पहिली-दुसरी एकत्र, तिसरी-चौथी एकत्र, पाचवी-सहावी एकत्र असे इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे गट केले. हे सगळं ती क्विस्टला सांगते. लक्षात ठेवा हं, वर्गांची ही जोडणी पेट्राची आहे.

मग क्विस्ट तिच्या ड्रॉइंगवर ट्रेसिंग पेपर टाकतो आणि काढत काढत बोलायला लागतो. जमिनीलाच शिस्त नाहीये ना, मग तूच एखादी शिस्त लाव तिच्यावर, नंतर ती मोडता येईल, असा त्याचा रोख. तो ते तीन एल उतारावरून पायऱ्यांसारखे खाली सोडतो. तसं केल्याबरोबर दोन पातळ्यांमध्ये जो फरक पडतो त्यातून मुलांच्या उंचीचे छोटे कोपरे मिळतात. ते कोणी मागितले नव्हते, रेघ मारल्यावर आपोआप हाती आले. पेट्राने फारसं महत्त्व न दिलेली गॅलरी हळूहळू सगळ्या योजनेच्या मधोमध येऊन बसते. एक रेघ, तिचा परिणाम, त्यावरून पुढची रेघ.

आणि पेट्रा? सुरुवातीला ती आपली अडचण नीट मांडते. त्यानंतर उतारा वाचत जाल तसे क्विस्टचे परिच्छेद लांबत जातात आणि पेट्राचं मधूनच एखादं वाक्य.

सनई नाही, क्लॅरिनेट

ही टेप ज्याने प्रसिद्ध केली तो डोनाल्ड शॉन. जन्म १९३०, बॉस्टन. माणूस तत्त्वज्ञानाचा, पण पुस्तकी नाही. क्लॅरिनेट वाजवायचा, पॅरिसच्या संगीतशाळेत जाऊन शिकलेला. १९५५ मध्ये हार्वर्डमधून पीएचडी केली, विषय होता जॉन ड्युई यांची शोध घेण्याविषयीची मांडणी.

ड्युई हे नाव ऐकल्यासारखं वाटलं ना? कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकर ज्यांच्या वर्गात बसले तेच हे ड्युई. ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी त्यांचा उल्लेख आपले शिक्षक म्हणून केलाय. ड्युईंचं १९१० चं एक पुस्तक आहे, माणूस विचार करतो म्हणजे नेमकं काय करतो या विषयावर. त्यांचं साधारण म्हणणं असं की विचार सुरू होतो तो कुठेतरी अडल्यावर. रस्ता सरळ असला की आपण चालत राहतो. दोन वाटा फुटल्या की थांबतो, इकडेतिकडे बघतो, एक अंदाज बांधतो, तो तपासतो. अडणं हीच सुरुवात. पेट्राच्या वेड्यावाकड्या उताराशी हे जोडून बघा.

पीएचडीनंतर शॉन काही काळ आर्थर डी. लिटल या सल्लागार कंपनीत होता. त्याने एका संशोधक गटाची गोष्ट लिहून ठेवलीय, ती मला फार आवडते. या मंडळींना कृत्रिम केसांचा रंगाचा ब्रश सुधारायचा होता. काही केल्या रंग एकसारखा लागेना, गुठळ्या यायच्या. नैसर्गिक केसांची टोकं दुभंगलेली असतात म्हणून यांचीही टोकं दुभंगवली, तरी काही फरक नाही. शेवटी कोणीतरी म्हणालं, अरे, ब्रश हा एक प्रकारचा पंपच आहे की! झालं, सगळ्यांची नजर केसांवरून केसांच्या मधल्या जागेवर गेली. रंग त्या फटींतून वाहतो. भिंतीवर ब्रश दाबला की केस वाकतात आणि फटी पंपासारखा रंग ढकलतात. मग ते केसांच्या वाकण्याकडे बघायला लागले. प्रश्न तोच होता, फक्त त्याच्याकडे बघायची खिडकी बदलली, आणि ती काही कुठल्या सूत्रातून निघाली नव्हती.

पुढे १९७२ पासून शॉन एमआयटीत शिकवायला लागला. तिथे त्याला एक गोष्ट सतत खुपत होती. विद्यापीठात ज्ञान म्हणजे काय, तर आधी शास्त्र, मग त्या शास्त्राचं उपयोजन. डॉक्टर असो, इंजिनियर असो, शिक्षक असो, त्याने पुस्तकातलं सूत्र घ्यायचं आणि समोरच्या प्रश्नाला लावायचं. शॉनचं म्हणणं, अरे पण खरे प्रश्न असे नटूनथटून समोर येतात कुठे? उंचावरच्या कोरड्या जमिनीवर सूत्रं छान चालतात. माणसांचे महत्त्वाचे प्रश्न मात्र खाली चिखलात असतात. तिथे जे लोक रोज काम करतात त्यांना काहीतरी येत असतं. ते काय असतं हे त्यांनाही सांगता येत नाही, आणि विद्यापीठ त्याला ज्ञान म्हणायला तयार नसतं.

१९८३ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिलं, ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’. त्यात पुरावा म्हणून मधोमध ठेवली क्विस्ट-पेट्राची टेप.

आमटी

‘रिफ्लेक्टिव्ह’ला मराठीत चिंतनशील म्हणतात. मला हा शब्द जरा अडचणीचा वाटतो. चिंतनशील म्हटलं की डोळे मिटून बसलेला कोणीतरी साधू दिसतो. शॉनला म्हणायचं होतं ते स्वयंपाकघरात जास्त चांगलं समजतं.

आई आमटी करतेय. चाखते. काहीतरी कमी आहे. मीठ? नाही, आंबट कमी आहे. एक आमसूल टाकते, पुन्हा चाखते. आता जरा जास्तच झालं, मग गुळाचा खडा. यातला एकही निर्णय तिने गॅस बंद करून, खुर्चीवर बसून घेतला नाही. आमटीने तिला काहीतरी सांगितलं, तिने उत्तर दिलं, आमटीने पुन्हा सांगितलं. हे करता करता विचार करणं. शॉन त्याला परिस्थितीशी चाललेलं संभाषण म्हणतो, आणि परिस्थिती उलटून बोलते असंही म्हणतो. दुसऱ्या दिवशी आई म्हणते, “काल डाळ जरा पातळच झाली होती,” ते करून झाल्यावरचं चिंतन. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शॉनला पहिली जास्त मोलाची वाटत होती.

क्विस्ट तेच करत होता. रेघ मारली, उताराने उत्तर दिलं, कोपरे मिळाले, पुढची रेघ. शॉनचं मोठं काम हे की हे हातातलं, चाखण्यातलं शहाणपण त्याने टेपवरून ओळ न् ओळ उलगडून दाखवलं. त्याच्या आसपास इतरही लोक याच दिशेने चालले होते. ब्रिटनमध्ये नायजेल क्रॉस यांनी १९८२ मध्ये निबंध लिहिला की विज्ञान आणि मानव्यविद्या यांच्यासारखीच डिझाइनची स्वतःची अशी जाणून घ्यायची पद्धत आहे. १९९३ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टचे क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी मांडलं की डिझाइनविषयी संशोधन वेगळं आणि डिझाइन करत करत केलेलं संशोधन वेगळं. आज कोणी स्वतःची स्केचबुकं, मॉडेलं आणि चुका पुराव्यादाखल ठेवून डिझाइनमध्ये पीएचडी करत असेल, तर तो रस्ता इथून निघालाय.

पुस्तक प्रचंड चाललं. आर्किटेक्ट राहिले बाजूला, शिक्षक आणि नर्सेसनी ते उचललं. ब्रिटनमध्ये २०१६ पासून नर्सला आपली नोंदणी टिकवायला दर तीन वर्षांनी पाच लेखी चिंतनं द्यावी लागतात. बघा, करता करता विचार करण्याचा मुद्दा होता, त्याचा झाला फॉर्म! आपल्याकडे सायन्सवाल्यांना ‘जर्नल कम्प्लीट करणं’ म्हणजे काय ते माहितीय. प्रॅक्टिकल कधी झालं, निरीक्षण काय आलं, सगळं आदल्या रात्री मित्राच्या जर्नलवरून, तारखा मागच्या टाकून. डिझाइन कॉलेजांतल्या चिंतन-डायऱ्यांचं बऱ्याच ठिकाणी तेच होतं. मीही एकदा अशी डायरी भरलीय. प्रोजेक्ट संपल्यावर दोन दिवसांत, तीन वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखी दिसावी म्हणून. खोटं कशाला बोलू.

आता पेट्राकडे

इथे माझ्या बहिणीची टेप आणि शॉनची टेप एकमेकींना भेटतात.

शॉनने जे उलगडून दाखवलं तो विचार कोणाचा? क्विस्टचा. संभाषण कोणात चाललं होतं? क्विस्ट आणि उतारात! पेट्रा शेजारी बसून बघत होती. म्हणजे विद्यार्थी कसे शिकतात याची जगातली सगळ्यात गाजलेली नोंद घेतली, तर तिच्यात शिक्षकाला काय येतं हे भरपूर कळतं, विद्यार्थिनीला काय कळलं हे फारसं कळत नाही. ती पटल्यामुळे गप्प होती? थकली होती? की तिने जोडून आणलेल्या एल आकारांचं पुढे जे काय झालं ते तिला आपलं वाटेनासं झालं होतं? टेपवर शांतता सगळी एकसारखीच ऐकू येते.

ही टीका मी आज शोधून काढलेली नाही. १९८७ मध्ये थॉमस डटन या वास्तुकला-शिक्षकाने लिहिलं की स्टुडिओत एक छुपा अभ्यासक्रम चालतो: कोणाचं ऐकायचं, कोणापुढे बोलायचं नाही, स्पर्धा कशी करायची. १९९१ मध्ये कॅथरिन अँथनी यांनी ज्युरी पद्धतीवरच खटला भरणारं पुस्तक लिहिलं. ही ज्युरी मूळची पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेतली. तिथे ज्युरी बंद दाराआड बसायची आणि विद्यार्थ्याला फक्त निकाल कळायचा. दार पुढे उघडलं आणि विद्यार्थी ज्युरीसमोर उभा राहिला. दार उघडल्याने काय सुधारलं आणि काय बिघडलं, हे तुमच्या एखाद्या आर्किटेक्ट मैत्रिणीला विचारा. २००८ मध्ये हेलेना वेब्स्टर यांनी थेट शॉनवरच लिहिलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की शॉनने स्टुडिओतल्या शिकण्याचा एकच तुकडा उचलला, समोरासमोरच्या बोलण्याचा. त्यातही डोक्यातल्या विचाराकडे पाहिलं, भीती, लाज, उत्साह, थकवा यांच्याकडे नाही. आणि क्विस्टने पेट्राला नेमकं काय समजलंय हे जाणून घ्यायची तसदी घेतली नाही, याची शॉनलाही फिकीर नव्हती.

मला ही टीका बरीचशी पटते. पण शॉनच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. १९८७ मध्ये त्याने दुसरं पुस्तक लिहिलं, यावेळी शिकवण्यावर, आणि त्यात अजून एक टेप दिली. शिक्षक नॉर्थओव्हर, विद्यार्थिनी जुडिथ, हीही टोपणनावंच. ही बैठक पूर्ण फसलेली आहे. त्याला वाटतं तिला कळत नाहीये, तिला वाटतं तो ऐकतच नाहीये, दोघं आपापलं म्हणणं अजून घट्ट धरतात आणि कोणीही दुसऱ्याला विचारत नाही की तुला काय म्हणायचंय. शॉनने ही टेप लपवली नाही. शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला असा गळफास बसू शकतो हे त्याने स्वतः लिहिलं. गंमत अशी की जगाने क्विस्ट लक्षात ठेवला. नॉर्थओव्हरचं नाव संशोधकांबाहेर कोणी घेत नाही.

त्याच पुस्तकात एक संगीतातली गोष्ट येते. बर्नार्ड ग्रीनहाउस नावाचा तरुण चेलोवादक पाब्लो कासाल्सकडे शिकायला गेला. कासाल्सने बाखची एक रचना त्याच्याकडून हुबेहूब आपल्यासारखी बसवून घेतली. बोट तिथेच, गजाची चाल तीच, श्वाससुद्धा तसाच म्हणा ना. कित्येक आठवडे. शिष्याला भीती वाटायला लागली की मी नुसती नक्कल होणार. अखेर नक्कल पूर्ण जमली तेव्हा कासाल्स म्हणाला, आता चेलो खाली ठेव आणि ऐक. आणि तीच रचना त्याने बोटं, गज सगळं बदलून वाजवली.

आपल्याकडे ज्यांनी गुरूसमोर बसून तानपुऱ्यावर गाणं शिकलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. शिष्य गप्प असतो म्हणजे तो शिकत नाही असं नाही, हे मला मान्य आहे. पण कासाल्सने ती शेवटची बैठक घेतली. टेबलावर एका मागे एक पंधरा शीट्स तपासणाऱ्या सरांना त्या बैठकीसाठी वेळ कुठून मिळणार?

टेपच्या बाहेर कसं पडायचं

संशोधकांपुढे मग प्रश्न आला: टेपवर जे येत नाही ते पकडायचं कसं?

काहींनी टेपच सुधारली. १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्र विद्यापीठात एक प्रयोग झाला. डिझाइनरला दोन तास दिले आणि काम दिलं: माउंटन बाइकवर पाठीवरची सॅक नेता येईल असं काहीतरी तयार कर. एकदा एकच माणूस, एकदा तिघांची टीम. एकट्याला सांगितलं, मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. मग ते व्हिडिओ जगभरच्या संशोधकांना वाटले आणि प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने ते उलगडले. फार कामाचा प्रयोग होता तो. पण तुम्हीच करून बघा, मोठ्याने बोलत बोलत रांगोळी काढा. हात जे जाणतो त्यातलं निम्मं बोलण्यात येत नाही, आणि बोलायला लागलं की हात बिचकतो.

वीस वर्षांनी, २०१४ मध्ये, अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात अशीच परिषद भरली. यावेळी वाटलेल्या रेकॉर्डिंगमध्ये एकटा डिझाइनर नव्हता, विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यातली बैठक होती. म्हणजे पुन्हा क्विस्ट आणि पेट्राच, फक्त आता दोघांकडेही बघणारे डोळे खूप होते.

दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण ती जरा खोडकर आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये बिल गेव्हर आणि टोनी डन, आणि त्यांच्यासोबत इटलीतून एलेना पाचेंती, हे तिघं म्हाताऱ्या माणसांसाठी काम करत होते. तीन ठिकाणं: ऑस्लोचा एक भाग, अॅमस्टरडॅमजवळची बायल्मर वसाहत आणि इटलीत पिसाजवळचं पेचोली गाव. त्यांनी प्रश्नावली वाटली नाही. मुलाखतीही नाहीत. त्यांनी प्रत्येकाला एक पाकीट दिलं. आत पोस्टकार्डं, नकाशे, नकाशावर चिकटवायला ठिपके, एक छोटा अल्बम आणि एकदाच वापरायचा कॅमेरा. कॅमेऱ्याच्या मागे यादी: तुमच्या घराचा फोटो काढा, आज काय घालणार त्याचा काढा, काहीतरी हवंहवंसं वाटतं त्याचा काढा, काहीतरी कंटाळवाणं असेल त्याचा काढा. जमेल तसं परत पाठवा. १९९९ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला आणि त्यात सांगितलं की काटेकोर विश्लेषणावर आमचा भर नाही, यांतून आम्हाला माणसं कळतात आणि सुचतं.

पोस्टकार्डावर आजीने काय लिहिलं हे समोर बसलेल्या संशोधकाच्या तोंडाकडे बघून लिहिलेलं नसतं. ती घरी, तिच्या टेबलावर, तिला वाटेल तेव्हा लिहिते. नको असेल तर कोरं ठेवते. डिझाइन शिकवण्यावर संशोधन करणाऱ्यांनी ही युक्ती उचलली: विद्यार्थ्यांना कॅमेरे द्या, त्यांच्या कामाचे कोलाज करायला सांगा, प्रोजेक्ट कसं गेलं याचा नकाशा काढायला सांगा, कुठे खड्डा होता, कुठे उतार. ‘तुझं काय मत आहे?’ असं विचारल्यावर गप्प बसणारी मुलगी खड्डा मात्र बरोबर काढून दाखवते.

आपल्या देशातही या इतिहासाचा एक धागा आहे आणि तिथेही हाच प्रश्न लपलाय. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारसाठी अहवाल लिहिला. त्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात लोट्यावर एक उतारा आहे. नुसते प्रश्न आहेत: पाणी किती मावावं, डोक्यावर नेताना तोल कसा राहावा, कमरेवर कसा बसावा, कोणाच्या हाताची ताकद किती, ओतताना कसा, रिकामा असताना कसा, आवाज कसा. आपल्या रोजच्या भांड्याकडे इतक्या प्रेमाने आणि इतक्या चौकसपणे पाहिलेलं क्वचितच वाचायला मिळतं. पण तो लोटा कमरेवर घेऊन चालणाऱ्या बाईला काय वाटतं, तिचं बोलणं त्यात नाही. १९६९ मध्ये पवईत आयआयटीच्या आवारात औद्योगिक डिझाइनचं केंद्र सुरू झालं, ते सुधाकर नाडकर्णी यांनी. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून ते जर्मनीतल्या उल्मच्या शाळेत गेले होते. उल्म म्हणजे डिझाइनला शिस्त लावू पाहणारी शाळा, बरोबर उलट टोक म्हणा शॉनच्या चिखलाचं. आपल्या डिझाइन शिक्षणात ही शिस्तही आहे आणि गुरूच्या हाताकडे बघत शिकणंही आहे. ज्युरी तर आहेच आहे.

आणि बहिणीचं काय झालं

मी तिला शॉन सांगितला, क्विस्ट-पेट्रा सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे दादा, आत्ता तू क्विस्ट झालास आणि मी पेट्रा. अर्धा तास तूच बोलतोयस.”

बरोबर होतं तिचं.

मग आम्ही तिचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, पण यावेळी रिमोट तिच्या हातात. जिथे जिथे ती “हो सर” म्हणाली होती तिथे तिने पॉज केलं आणि तेव्हा मनात काय चाललं होतं ते वहीत लिहिलं. पहिल्या “हो सर”पुढे लिहिलं, जिना कळला. दुसऱ्यापुढे, नाही कळलं पण मागे दोन मुलं थांबलेली. तिसऱ्यापुढे, हे माझ्या आजीच्या ओसरीसारखं करायचं होतं, ते राहून गेलं. चौथ्यापुढे नुसती फुली.

पुढच्या आठवड्याच्या क्रिटचंही तिने रेकॉर्डिंग पाठवलं. सुरुवातीला कागदाचा सरसर आवाज येतो, सरांनी ट्रेसिंग पेपर ओढलाय. मग तिचा आवाज, जरासा कापरा, “सर, एक मिनिट. आधी मी काढून दाखवू का?” दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि सर म्हणतात, “हं, काढ.”

पुढची बारा मिनिटं पेन्सिल तिची आहे. मधेच ती ओसरीपाशी अडते, आणि सर विचारतात, “ही ओसरी कुठली?” ते उत्तर मी इथे उतरवत नाही, ते तिचं आहे.

तुमच्याकडे अशी एखादी क्रिटची, रियाजाची, वर्कशॉपची आठवण असेल तर व्हॉइस नोट पाठवा, आवडेल ऐकायला. भेटू पुढच्या भागात.